ग्लासरबाईंची तक्रार

बव्हेरियातली छावणी, बराक चौथी
१६ फेब्रुवारी १९४७

चि. गेत्सल यास,
हिंदावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी बसून घे. तू पत्रं उभ्यानं वाचतोस, जेवतोसही उभ्यानं, मला काय माहीत नाही? बसलास? मी लग्न करतेय!

झाला का घोट घशात अडकून? हो, हो, मीच. बत्तिसाव्या वर्षी, डोक्यावरचे केस आत्ता कुठे धड वाढलेत तोवर! त्याचं नाव झालमेन. लुब्लिनकडचा सुतार. इथल्या कारखान्यात खुर्च्या करतो. एका कानानं ऐकू येत नाही, त्यामुळे मी बोलायला लागले की तो कान माझ्याकडे करतो आणि शांतपणे रंधा मारत बसतो, असा लबाड. त्याची बायको आणि मुलं परत आली नाहीत. तो बोलत नाही, मी विचारत नाही. पण परवा त्यानं माझ्यासाठी पाय ठेवायला छोटा पाट केला, कारण माझे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नाहीत. एवढं बारीक लक्ष माझ्याकडे गेल्या पाच वर्षांत कुणी दिलं नव्हतं रे.

त्याच्या मामानं माँटेव्हिडिओहून दोघांचे प्रवेशाचे कागद पाठवलेत. त्यावर ‘पती-पत्नी’ असं लिहिलंय, आणि बोट मे अखेरीला सुटते. म्हणजे त्याआधी पती-पत्नी व्हायला हवं. पासोव्हरच्या सणापासून पुढच्या सणापर्यंतचे सात आठवडे, म्हणजे ओमेर, त्यात लग्नं लागत नाहीत, मधला तेहेतिसावा दिवस तेवढा मोकळा. तो आठ मेला येतो. सगळं ठरलं, आणि मग आमचे रब्बी आविग्दोर यांनी दाढीवरून हात फिरवला. त्यांनी दाढीवरून हात फिरवला की समजावं, काहीतरी आडवं आलं.

तुझा भाऊ ओशेर गेल्याचा पुरावा हवा, हे एक. आणि दुसरं तुझ्याबद्दल आहे, दीरराजा! नवरा मागे मूल न ठेवता गेला, तर विधवा दिराशी बांधलेली राहते. दिरानं तरी तिच्याशी लग्न करावं, नाहीतर पंचांपुढे उभं राहून तिला मोकळं करावं. मी म्हटलं, मूल होतं की! ओशेर गेला तेव्हा माझी ब्लिमेले जिवंत होती, त्याच्यानंतर गेली. रब्बी म्हणाले, मग प्रश्नच मिटला, बाप गेला त्या क्षणी मूल जिवंत असेल तर विधवा मोकळी. फक्त कागद आणा.

तर तू दिवसभर, आपल्याला कोंडलं होतं त्या घेटोतल्या कचेऱ्यांच्या कागदांच्या ढिगात बसलेला असतोस ना? दफन खात्याच्या दोन चिठ्ठ्या काढून दे मला. ओशेरची आणि ब्लिमेलेची. तेवढं काम कर आणि मग लग्नाला काय हवं ते माग.

लोभ आहेच. तो रेशनावर नसावा, एवढंच मागणं.

तुझी,
हिंदावहिनी


लोड्झ
५ मार्च १९४७

ती. हिंदावहिनीस,
गेत्सलचा सा. न. वि. वि.

वहिनी! वहिनी! वहिनी!

पत्र मी उभ्यानंच वाचलं आणि मग खरंच बसलो. आमच्या ज्यू इतिहास कमिटीच्या खोलीत मी एवढ्यानं ओरडलो की शेजारची टंकलेखिका कागदांसकट खुर्चीवरून घसरली. तिला सगळी हकीकत सांगितली. ती रडली, मी रडलो, मग आम्ही दोघांनी पुरीमच्या सणासाठी आणलेले खसखशीचे कानवले आदल्याच दिवशी फस्त केले.

झालमेनला सांग, सावध राहा. माझी वहिनी चिडली की भांडी बोलतात.

आता कामाचं. इथे कागद काय काय सापडतात, तुला काय सांगू! जमिनीखालून डबेच्या डबे निघालेत. लोक विचारतात, त्यात मोठमोठे हुकूम असतील ना? असतात. पण खरी गंमत दुसऱ्याच कागदांत आहे. एका माणसाचा उजव्या पायाचा रबरी बूट हरवला, त्याची जाहिरात. एकीला बटाट्याच्या साली मिळाव्यात म्हणून डॉक्टरची चिठ्ठी, वर तीन शिक्के. कारकुनांनी खळ खाऊ नये, ती पाकिटं चिकटवायला आहे, असं बजावणारं परिपत्रक. माझ्या वरिष्ठांनी सक्त ताकीद दिलीय की या कागदांवर कुणी पेन्सिलीचा ठिपकासुद्धा काढायचा नाही. मी एकदा काढला, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आणि सापडल्या! दोन्ही चिठ्ठ्या सापडल्या! दोन्ही एकाच गठ्ठ्यात, एकमेकींना चिकटून. नकला टंकलेखिकेनं उतरवल्या आणि वरिष्ठांनी वर कमिटीचा शिक्का मारला. धावत जाऊन टपालात टाकतोय. उद्या पुरीम, मी पिणार आहे आणि तुझ्या नावानं नाचणार आहे.

मला मात्र लग्नात आठवणीनं शिव्या दे, नाहीतर मला चुकल्यासारखं वाटेल.

तुझा,
गेत्सल


बव्हेरियातली छावणी
२० मार्च १९४७

चि. गेत्सल यास,
अनेक आशीर्वाद, आणि ज्या शिव्या तू लग्नासाठी मागितल्या होत्यास त्या आत्ताच घे.

अरे गाढवा, टपालात टाकण्याआधी तारखा बघायच्या होत्यास ना!

मी चिठ्ठ्या घेऊन नाचत रब्बींकडे गेले. झालमेननं नवी टोपी घातली होती. रब्बींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. मग इतक्या हळू आवाजात म्हणाले की झालमेनला ऐकूच गेलं नाही. म्हणाले, मुलगी ७ फेब्रुवारी. वडील ९ फेब्रुवारी. कागदाप्रमाणे मूल आधी गेलं, बाई.

आठवलं ना? ओशेर गेला गुरुवारी सकाळी. त्याच्या रेशनकार्डावरचा पाव मिळायचा होता रविवारी. आपण काय केलं? जे सगळा घेटो करत होता तेच. सांगितलंच नाही. चादर बांधून तो कोपरा बंद केला आणि विचारेल त्याला सांगितलं, आजारी आहे, झोपलाय. त्याच रात्री माझ्या पोरीला ताप भरला, घसा बंद झाला, शनिवारी इस्पितळात ती संपली. इस्पितळाचं मरण काही लपवता येत नाही. रविवारी मी मेलेल्याच्या नावाचा पाव आणला. ज्या तोंडासाठी लपवलं होतं ते तोंडच उरलं नव्हतं. सोमवारी ओशेरची नोंद केली.

हे सगळं मी रब्बींना सांगितलं. ते म्हणाले, माझा तुमच्यावर विश्वास आहे, घेटोत मीही होतो. पण स्वतःच्या लग्नासाठी सांगणाऱ्या बाईचा शब्द एकीकडे आणि कचेरीचा कागद दुसरीकडे, उद्या कुणी बोट दाखवलं तर तुमच्या पुढच्या मुलांना त्रास. तू दीर, म्हणून तुझीही साक्ष नाही चालत. तेव्हा दिराला बोलवा, पंचांपुढे मोकळीक घ्या.

मी घरी येऊन सगळी भांडी घासली. घासलेलीच होती, तरी घासली.

काय करायचं ते कळव.

तुझी,
हिंदावहिनी


लोड्झ
२ एप्रिल १९४७

ती. वहिनीस,
गेत्सलचा, मान खाली घालून, सा. न. वि. वि.

मी गाढव नाही, गाढवाचा मामा आहे. आनंदानं आंधळा झालो होतो. पत्र वाचलं आणि भिंतीवर डोकं आपटलं. भिंत घेटोतलीच आहे, तिला सवय आहे.

पण रडत कशाला बसायचं? मी येतो! अगं, मोकळीकच द्यायची ना? पंच बसतील, माझ्या उजव्या पायात तो चामडी पट्ट्यांचा खास जोडा बांधतील, तू वाकून तो सोडशील, फेकशील आणि माझ्यासमोर थुंकशील. सगळी हयात तुला जे करायचं होतं ते शास्त्रानं सांगून करायला मिळतंय, सोडू नकोस! माझे मोजे तेवढे आत्तापासून रफू करून ठेवतो, सगळ्या छावणीसमोर अंगठा बाहेर यायला नको.

पासपोर्टाचं बघितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, अर्ज करा, शरद ऋतूत या. पण दुसरे मार्ग आहेत. सीमेवरच्या डोंगरातून रात्रीची माणसं जातात, मलाही नेतील. धोका आहे म्हणतात. वहिनी, आपण कशाकशातून निघालो आणि आता झाडांना भ्यायचं? पासोव्हर संपला की निघतो. तेहेतिसाव्या दिवशी तुझ्या लग्नात नाचायला मी हजर, एका पायात जोडा असो नसो.

झालमेनला सांग, वाट बघ.

तुझाच, पायाचा आणि जोड्याचा धनी,
गेत्सल


बव्हेरियातली छावणी
१३ एप्रिल १९४७

चि. गेत्सल यास,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचेल तेव्हा तू निघाला नसावास, म्हणून काल शनिवारचा शब्बाथ सुटल्या सुटल्या लिहायला बसणार होते, पण हात चालेना. आज लिहिते.

तू येऊ नकोस. ऐकलंस? येऊ नकोस.

डोंगरात गोळ्या चालतात हे एक कारण. माझ्याकडे आता एकच दीर उरलाय आणि तो मला झाडाखाली पडलेला नकोय. पण ते नसतं तरी मी नाही म्हटलं असतं, आणि हे तुला नीट समजावं असं वाटतं. पंचांपुढे तुझा जोडा सोडायचा म्हणजे काय कबूल करायचं? की ओशेर मागे कुणी न ठेवता गेला. की त्यानं डोळे मिटले तेव्हा त्याची लेक नव्हतीच. गेत्सल, ती होती! ती पोर दोन दिवस बापाच्या मागे जगली. तेवढे दोनच दिवस तिच्या नावावर आहेत, तेही पावासाठी मी कागदावर खाऊन टाकले. आता माझ्या लग्नासाठी दुसऱ्यांदा पुसू? मी नाही पुसणार. बोट जाऊ दे.

झालमेनला सांगितलं. मला वाटलं चिडेल. त्यानं ऐकू येणारा कान माझ्याकडे केला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, मग थांबू. मामाला लिहू, पुढची बोट बघू. आणि पुन्हा रंधा मारायला लागला. त्याच्या दोन मुलांची नावं त्यानं त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितली.

एक गोष्ट तुला सांगते, कुणाला सांगितली नाही. मला ब्लिमेले आठवते ती फक्त इस्पितळातली. घोगरा श्वास, कोरडे ओठ. त्याच्याआधीची आठवायला जाते तर काही म्हणता काही हाती लागत नाही. चार वर्षं तिनं काय केलं असेल? हसली असेल, पडली असेल. आई आहे मी, आणि मला येत नाही आठवायला.

त्या गुरुवारचं म्हणशील तर तुझा तेवढा पराक्रम आठवतो. इकडे मी चादर बांधतेय, मरण लपवायचं म्हणून तोंडात बोळा कोंबून रडतेय, आणि तू काय केलंस? आजीनं शिकवलेलं आठवलं, मयताच्या घरात साठलेलं पाणी ठेवू नये! खिडकी गोठून बसलेली, म्हणून भरलेली बादली सरळ जिन्यावर ओतलीस! मी तुझ्या कानाखाली वाजवली होती. सगळ्या घराला दवंडी पिटतोस का म्हणून. आणि खालच्या मजल्यावरून ती प्राग्हहून आणून टाकलेली ग्लासरबाई किंचाळत आली होती. ती पंखाची टोपी, ती जर्मन भाषा! तिची जीभ झडो असं मी तेव्हा म्हटलं होतं.

असो. तू तिथेच राहा आणि जेवत जा.

तुझ्या जिवाला जपणारी,
हिंदावहिनी


लोड्झ
२० एप्रिल १९४७

वहिनी,
आज सा. न. नाही, वि. वि. नाही, काही नाही, नुसतं ऐक!

पिशवी भरून दारात ठेवली होती. उद्या निघणार होतो. तुझं पत्र वाचता वाचता त्या बादलीपाशी आलो आणि ताडकन उठलो. वहिनी, बादलीनंतर काय झालं होतं? मला शिक्षा झाली होती! दोन दिवस जिन्यावरचं बर्फ खरवडत होतो, तू इस्पितळात होतीस म्हणून तुला माहीत नाही. आणि शिक्षा का झाली? कुणीतरी लेखी तक्रार केली असणार! आणि लेखी तक्रार त्या सबंध घरात कोण करत होतं? बादली वाजली तरी तक्रार, कोबी शिजला तरी तक्रार, प्राग्हमध्ये असं चालत नसे म्हणून तक्रार!

घरविभागाच्या तक्रारींचे गठ्ठे अजून कुणी उघडलेच नव्हते, कारण भांडणं कोण वाचणार? मी वाचली. टंकलेखिका वाचायला बसली. शेवटी वरिष्ठही अंगरखा काढून जमिनीवर बसले. सगळ्या घेटोची भांडणं आम्ही वाचली वहिनी, आणि हसून हसून पुरेवाट झाली, आणि मग कुणीच हसेना, कारण भांडणारं कुणीच उरलं नाही. आणि मग ते वळणदार, आखीव अक्षर! शब्दाला शब्द उतरवतोय:

‘५ फेब्रुवारी १९४२. आज सकाळी खोली नऊमधील तरुण इसमाने पाण्याने भरलेली बादली जिन्यावर रिकामी केली. पाणी तत्काळ गोठले व मी पडता पडता वाचले. सदर खोलीतील चारेक वर्षांची मुलगी, नाव ब्लिमा, त्या बर्फावरून बसून घसरत खाली येत होती व पुन्हा वर जात होती. मी हटकले असता, “बाबा झोपलेत, ओरडू नका,” असे तिने मलाच सुनावले व जीभ काढून दाखवली. पाणी खालच्या पंपावरून आणावे लागते हे सर्वांस ठाऊक असता, भरलेली बादली ओतून देण्याचे कारण मला समजू शकले नाही. चौकशी व्हावी. ओटिलिए ग्लासर.’

खाली कारकुनाचा शेरा: ‘इसमाने दोन दिवस जिना खरवडावा. मुलीस समज द्यावी.’ आणि शिक्का. गोल, ठळक, देखणा शिक्का!

तिला कारण समजलं नाही, वहिनी! प्राग्हची ती, तिला कुठून समजणार! पण तुझ्या रब्बींना समजेल. हिवाळ्यात, घेटोत, वर चढवून आणलेलं पाणी कोण ओतून देतं?

वरिष्ठांच्या सहीशिक्क्यानिशी नक्कल सोबत. तारीख या वेळी मी वाचली, टंकलेखिकेनं वाचली, झाडूवाल्यानंही वाचली. पिशवी सोडून ठेवतोय. धाव!

गेत्सल


बव्हेरियातली छावणी
९ मे १९४७

चि. गेत्सल यास,
हिंदावहिनीचे आणि झालमेनचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल लागलं लग्न! आज शुक्रवार, शब्बाथचा स्वयंपाक चुलीवर आहे, नवऱ्याला ढवळायला बसवलाय आणि मी लिहितेय. करपलं तर करपलं.

तुझं पाकीट आलं तेव्हा मी कपडे धूत होते. ओल्या हातानंच धावले. रब्बींनी कागद घेतला, ओठ हलवत वाचत गेले. ‘भरलेली बादली ओतून देण्याचे कारण मला समजू शकले नाही’ इथपर्यंत आले आणि एकदम टेबलावर थाप मारली. उठले, बसले, परत उठले. म्हणाले, आपल्या शास्त्रात आहे, सहज बोलता बोलता, आपण कशाची साक्ष देतोय हे ठाऊकही नसताना जो सांगून जातो, त्याचं बोलणं साक्षीला घ्यावं. या बाईनं दोन माणसांसाठी साक्ष दिलीय आणि तिला पत्ता नाही. ओतलेलं पाणी म्हणजे त्या सकाळी घरात मयत. घसरणारी मुलगी म्हणजे मूल जिवंत. मग डोळे पुसत त्यांनी दोन पंचांना हाक मारली आणि त्यांनाही वाचायला लावलं. तिघं मिळून माझ्याकडे वळून म्हणाले, तू मोकळी आहेस, तू मोकळी आहेस, तू मोकळी आहेस. झालमेनला एवढं मोठ्यानं सांगावं लागलं की शेजारच्या बराकीतले लोक अभिनंदन करायला आले!

मंडपाखाली मी झालमेनच्या हातच्या खुर्च्यांपैकी एक रिकामी ठेवली होती. लोकांना वाटलं, आईसाठी असेल. ती ग्लासरबाईंसाठी होती. कुठे गेली रे ती, कधी नेली? तिची पंखाची टोपी तेवढी डोळ्यांपुढे येते. मी तिच्या जिभेला शाप दिला होता आणि त्या जिभेनंच माझ्या पोरीची जीभ जपून ठेवली.

कारण गेत्सल, मला आठवली! ‘बसून घसरत खाली येत होती व पुन्हा वर जात होती’ वाचलं आणि आठवली. तिचा तो तुझ्या जुन्या अंगरख्याचा झगा, मागून सगळा भिजलेला. मी ओरडले होते की फाटेल म्हणून, आणि ती मलाही जीभ दाखवून पळाली होती. लाल, मोठी, टोकाला वळवलेली, तुझ्यासारखी. इतकी हसत होती! आता ती आजारी आठवतच नाही, नुसती घसरत येते जिन्यावरून. काल मंडपाखालीही येत होती.

आमची बोट तेवीसला सुटते. पत्ता तिकडून कळवीन. पण त्याआधी माझं एक काम कर. त्या कागदावर हुकूम आहे ना, मुलीस समज द्यावी? शिक्क्यासकट हुकूम आहे आणि पुढे काहीच नोंद नाही, अशी अर्धवट फाईल तुमच्या कमिटीला शोभत नाही. तुझे वरिष्ठ ठिपकासुद्धा काढू देत नाहीत म्हणतोस, तर त्यांची पाठ वळली की काढ. खाली बारीक पेन्सिलीनं एवढं लिही: समज दिलेली नाही, देणारही नाही. मुलीची आई.

लोभ समुद्रापलीकडेही पोचतो, तेव्हा पाठवत राहा.

तुझी,
हिंदावहिनी